पुढच्या सीटचा मान

पद्मक्कांनी मला ठेवून घेतलं म्हणून मी आज इथं आहे. हे आधीच सांगून टाकतो. मला सांगताना फाटे फोडायची सवय आहे, आणि मूळ गोष्टच राहून गेली तर मला रात्री झोप यायची नाही.

इथं म्हणजे आखातात, समुद्राकाठच्या एका भल्यामोठ्या पार्कात. दिवसभर डोक्यावरनं रोलर कोस्टर जातो आणि त्यातली माणसं नाना भाषांत आपापल्या आईला हाका मारतात. माझं काम एवढंच, की माणसं बसली की त्यांच्या छातीवरचा दांडा ओढून बघायचा. मग परत एकदा ओढून बघायचा. लोक वैतागतात. एक गोरा साहेब मला म्हणाला, तुझा आमच्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, तुमच्यावर आहे साहेब, दांड्यावर नाही.

शाळा मी नववीत सोडली. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. तिथली माणसं कामाला मुंबईला जातात, नाहीतर मेंढरांमागं जातात. मी मेंढरांनाही भ्यायचो. आई म्हणायची, "एवढ्या भित्र्या पोराला कोण काम देणार?" प्रश्न बरोबर होता. उत्तर पद्मक्कांनी दिलं.

अक्कांचा पार्क इस्लामपूरच्या अलीकडं, हायवेला लागून. तिन्ही अंगाला ऊस. ऊस डोक्याच्या वर गेला की लांबनं बघणाऱ्याला वाटायचं, शेतातनं पाळणाच उगवलाय. मी तिथं गेलो तो एका रंगाऱ्याच्या हाताखाली, मोठ्या पाळण्याला रंग द्यायला. शिडी लावली. मी पहिली पायरी हलवून बघितली. दुसरी हलवून बघितली. तिसरीला हात घातला तोवर रंगारी ओरडला, "अरं, तू रंग द्यायला आलाईस का शिडी इकत घ्यायला?"

लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. दोन्ही खांद्यांवरनं घट्ट पदर, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे धावायचे बूट. त्या म्हणाल्या, "त्याला खाली उतरवा."

"आवं अक्का, त्यो अजून वर गेलाच न्हाई."

"मग लईच चांगलं. हिकडं ये रं. कशाला भितुयास?"

"पडंन म्हणून."

"आणि दुसरं कोण पडलं तर?"

"त्याची बी भीती वाटती."

अक्का रंगाऱ्याकडं वळल्या. "ह्याला माझ्याकडं ठेवून जा. पाळण्यापाशी भित्रं माणूस लागतंय. शूर माणसं काय करायची? आमच्यात घरटी एक मिलिटरीत हाय."

त्या दिवसापासनं माझ्या भीतीला काम लागलं. मलाही लागलं, पण पहिल्यांदा तिला.

अक्का सांगलीकडच्या जैन घरातल्या, माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीला. एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग आला की कानडीत शिरायच्या. "सुम्म कुंद्रु!" असा आवाज आला की कानडी न येणारी माणसंसुद्धा जागच्या जागी गप बसायची. एकदा तर असं झालं, की त्या फोनवर भावाला ओरडल्या आणि ब्रेक डान्स नावाच्या पाळण्याच्या रांगेतली सगळी माणसं मांडी घालून खाली बसली.

त्यांची खुर्ची एका जागी नसायची. अण्णा, म्हणजे त्यांचे मालक, जत्रेजत्रेतनं एक लाकडी पाळणा फिरवायचे. ते गेल्यावर पाळणा एका जागी थांबला आणि अक्कांची खुर्ची फिरायला लागली. ड्रॅगनपाशी, होडीपाशी, टोरा टोराच्या कठड्याला. आणि त्या कधी पाळण्याकडं तोंड करून बसायच्या नाहीत. पाठ पाळण्याला, तोंड उतरून येणाऱ्या माणसांकडं. "चढताना सगळीच हसत्यात," त्या म्हणायच्या. "लग्नात बी हसत्यात. उतरताना बघावं."

उतरणाऱ्या प्रत्येकापुढं त्या एक मूठ भडंग धरायच्या. हीच त्यांची परीक्षा. पाळण्यावरनं उतरलेल्या माणसाला भूक लागली तर पाळणा चांगला; तोंडावर हात धरून तो उसाकडं पळाला तर पाळणा वाईट. आणि भडंग बिनलसणाचं, कारण अक्का लसूण खायच्या नाहीत. आता सांगली भागात बिनलसणाचं भडंग कोणी चवीनं खाणार नाही. मी एकदा भीत भीत तसं म्हणालो.

"म्हणून तर," अक्का म्हणाल्या. "चवीचं दिलं तर कळायचं कसं? असलं बी मागून घेतलं, म्हंजे पाळणा खराच पोटाला लागला."

आता मी जिथं आहे तिथं नवा कोस्टर घ्यायचा म्हटलं की वर्षभर बैठका चालतात. कोणत्या वयाची माणसं येतात, किती उंचीच्या पोराला आत सोडायचं, तासाला किती जण बसतील, शेजारच्या पार्कानं काय घेतलंय, लांबनं फोटोत कसा दिसेल. पडद्यावर रंगीत चित्रं येतात. गेटवर मुली उभ्या असतात आणि उतरणाऱ्याला विचारतात, तुम्ही परत बसाल का? मी ते ऐकतो आणि मनात म्हणतो, अगं बाई, मूठभर भडंग धर की पुढं.

पण अक्का कधी चुकल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर भूतबंगला मला माफ करायचा नाही.

भूतबंगला त्यांनी माझ्यासमोर घेतला. अंधाऱ्या खोल्या, हलणारे सांगाडे, आणि भुतावळ गार वाटावी म्हणून आत मोठाले कूलर. उद्‌घाटन ऐन एप्रिलमध्ये. पहिल्या दिवशी गर्दीच गर्दी. माणसं आत जात होती, पण बाहेर येत नव्हती. मी म्हटलं, भीतीनं कुणाचं काही झालं की काय? अक्का आणि मी बॅटरी घेऊन आत शिरलो. बघतो तर सांगाड्याच्या पायाशी चार जण डोक्याखाली टॉवेल घेऊन गाढ झोपलेले. पुढच्या खोलीत एक अख्खं कुटुंब डबा सोडून बसलेलं. आणि आमचा बंड्या, ज्याला आम्ही भुताचा झगा घालून कामाला ठेवला होता, तो एका म्हातारबाबांच्या उशाशी उभा. म्हातारबाबा त्याला सांगत होते, "ए भुता, त्यो कूलर जरा हिकडं फिरीव. आणि ऊस तोडायची गाडी आली की उठीव मला."

"किंचाळ की रं!" अक्का बंड्यावर खेकसल्या.

"किंचाळलो अक्का. ते म्हणत्यात, हळू बोल, बारकं झोपलंय."

बाहेर आल्यावर अक्कांनी सवयीनं भडंग पुढं केलं. सगळ्यांनी घेतलं. झोपून उठल्यावर भूक लागतेच. परीक्षा पास झाली आणि धंदा नापास. त्या दिवशी अक्का मला म्हणाल्या, "म्हादू, माणूस घाबरायला पैसं देतोय ते काय येडा म्हणून न्हाई. घरला जाऊन सांगायला काय तरी पायजे त्याला. झोपलो हुतो, हे काय सांगणार?"

भूतबंगल्यानंतर त्यांचे दीर आदिनाथ भाऊजी रोज यायला लागले. पार्कची निम्मी जमीन त्यांच्या नावावर. सांगलीला त्यांची हळदीची पेढी आणि हळद दळायची गिरणी. माणूस गोड, पण त्यांच्या डोक्यात मंगल कार्यालय शिरलेलं. आमच्या हायवेला दर दोन फर्लांगांवर एक मंगल कार्यालय आहे, आणि तरी ज्याच्याकडं जमीन आहे त्याला वाटतं, एक कमी पडतंय. भाऊजी ढांगा टाकत पार्कात फिरायचे. "हितं स्टेज. हितं पंगत. हितं नवरीची खोली." होडीत पोरं ओरडत असायची आणि भाऊजी खाली हात पसरून म्हणायचे, "हितं आईस्क्रीमचा काउंटर."

शेवटी त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर त्यांनी सांगितलं, "वहिनी, अजून एक पाळणा घ्या. त्यानं माणूस आलं तर माझं तोंड बंद. न्हाई आलं तर पुढच्या दिवाळीला सगळं उपटून लॉन करायचं."

अक्का "बरं" म्हणाल्या. एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलली आणि अण्णांच्या जुन्या लाकडी पाळण्यापाशी नेऊन ठेवली. त्या पाळण्यात आता कोणी बसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्या तिथंच होत्या, आणि कुणाला भडंग दिलं नाही. पार्क गेला तर मला दुसरीकडं काम मिळालं असतं, कदाचित. अक्कांना दुसरीकडं कुठं खुर्ची ठेवता आली असती?

त्यांचा मुलगा सुजितदादा पुण्यात इंजिनिअर झालेला आणि आईच्या धंद्याला जीव लावणारा. तो कागद घेऊन बसला. त्याचं म्हणणं, मोठा कोस्टर घ्यायचा, मध्ये एक अख्खा उलटा फेरा असलेला. "आई, हायवेवरनं दिसला पाहिजे. कोल्हापूरचा माणूस कराडला चाललाय, त्यानं ब्रेक मारला पाहिजे."

"उलटं झाल्यावर पैरणीच्या खिशातली तंबाखू पडंल की रं."

"आई, तंबाखू विचारात घेऊन कोस्टर घेत नसतात."

"मग कुणाला इचारात घेत्यात? बसणार कोण हाय?"

यावर ठरलं, की आधी बसणाऱ्यांना दाखवून आणायचं. पुण्याच्या पलीकडं एका मोठ्या पार्कात तसा कोस्टर होता. अक्कांनी एक गाडी ठरवली आणि पार्कजवळच्या गावातली माणसं भरली. त्यांत मुख्य दोघं. एक तात्या पाटील. गावच्या पालखीच्या उजव्या दांडीला त्यांच्या घराण्याचा खांदा, पिढ्यान्‌पिढ्या. दुसरे सुभेदार, मिलिटरीतनं परत आलेले, मिशा अजून ड्यूटीवर. झेंडावंदनाला दोरी त्यांच्या हातात. अक्कांचा हिशोब सरळ होता: तात्या बसले की वरची आळी बसणार, सुभेदार बसले की खालची. मानकऱ्यानं नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडं गुऱ्हाळ सुरू होत नाही, पाळणा कसा होईल?

मी आयुष्यात तेवढा मोठा कोस्टर पहिल्यांदा बघत होतो. मी जिन्याची पहिली पायरी हलवून बघितली. आमची मंडळी मात्र फेटे सावरत जिना चढली. गाडी फलाटाला लागली. पुढं दोन सीटा, त्यांच्या मागं ओळीनं बाकीच्या. तात्या थेट पुढं गेले. सुभेदारही थेट पुढं गेले. आणि दोघंही उजव्या सीटपाशी थांबले.

"उजवीकडं मी," तात्या म्हणाले. "पालखीत बी उजवी दांडी आमची."

"ती पालखीत. ही गाडी हाय. गाडीत उजवीकडं सीनियर बसतोय. मिलिटरीत असंच असतंय."

"मग डायवर कुठं बसतोय?"

"ह्याला डायवरच न्हाई."

"डायवर न्हाई?" तात्या जरा थांबले.

मागं कॉलेजच्या पोरापोरींची रांग. एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही ठरवा, तोवर आम्ही बसतो."

"थांब पोरी. मानाचं चाललंय."

गाडी सोडणाऱ्या माणसानं हात जोडले. सुजितदादानं हात जोडले. तेवढ्यात पलीकडच्या रुळावरची दुसरी गाडी साखळीवरनं खडखडत टोकाला गेली, क्षणभर थांबली, आणि कडेलोट केल्यासारखी खाली आली. मग उलटी झाली. त्यातनं जो आवाज निघाला तो माणसांचा होता यावर आमच्यातल्या निम्म्यांचा विश्वास बसला नाही. फलाट हलला. सुभेदारांच्या मिशा ड्यूटीवरनं सुट्टीवर गेल्या.

मग तात्या फार मऊ आवाजात म्हणाले, "सुभेदार, तुमी देशासाठी झिजलासा. उजवी बाजू तुमचीच."

"छे छे छे! तात्या, पिढीजात मान हाय तुमचा. आमी काय, कालची माणसं."

"आवं, बसा की."

"आदी तुमी."

"मी बसलो तर तुमचा अपमान हुईल."

"झाला तर झाला. मी काय कुणाला सांगणार न्हाई."

सुजितदादा घायकुतीला आला. "अहो, मग पुढची सीट सोडा! मागं बसा सगळे!"

मागं आमची सगळी मंडळी उभी होती. त्यांतली एक म्हातारी फटकन म्हणाली, "मानकरी उभं आणि आपण बसायचं? लाज हाय का न्हाई?" आणि ती जिना उतरायला लागली. तिच्या मागं सगळे. एवढ्या लांब गाडी करून गेलेलं अख्खं गाव कोस्टरला हातही न लावता खाली आलं. सगळ्यांनी तिथं बिस्किटं खाल्ली, कोस्टरसमोर फोटो काढले आणि गाडीत येऊन बसले. परतीच्या वाटेवर तात्या आणि सुभेदार एका बाकावर, एकमेकांना चुन्याची डबी देत. भांडण राहिलं नव्हतं, दोघं वाचले होते.

सुजितदादा कपाळाला हात लावून बसला होता. "वाया गेला दिवस, आई. कोण बसलंच नाही, तर कळणार काय?"

अक्का खिडकीतनं बाहेर बघत होत्या. खंबाटकी ओलांडली, सातारा गेला. चहाला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "सुजित, ज्याला पुढचं सीटच न्हाई असा पाळणा मिळतोय का?"

तो हसला. मग हसायचं थांबला आणि फोन काढून बघायला लागला. बराच वेळ बघून त्यानं एक चित्र आईपुढं धरलं. लांबलचक गाडी नाही. चार चार माणसांचे सुटे डबे. उलटा फेरा नाही, पण वरनं चौकोनी वळणं घेत, घरात उंदीर पळावा तसे पळत सुटणारे.

"म्हंजे परतेक डब्याला पुढचं सीट हाय?"

"हो. पण आई, ह्यात तासाला माणसं कमी बसतात. रांग लांब होणार. मोठी गाडी एका दमात दुप्पट माणसं नेते."

"मोठी गाडी एका दमात रिकामी जाईल. बघितलास न्हवं आत्ता?"

सुजितदादाचं म्हणणं खोटं नव्हतं बरं. पुढं मे महिन्यात रांग उसात शिरली आणि लोक रांगेत उभ्या उभ्या ऊस मोडून खायला लागले. शेजारच्या शेतकऱ्याशी त्यावरनं वर्षभर भांडण झालं. पण ते पुढचं.

सुट्या डब्यांचा कोस्टर आला, उभा राहिला. गुढीपाडव्याचा मुहूर्त ठरला. माणसं बसवायच्या आधी डब्यांत माणसाच्या वजनाची पोती ठेवून फेऱ्या मारायच्या असतात. कंपनीच्या माणसानं सांगितलं, वाळूची पोती ठेवा. आता वाळू म्हणजे आमच्याकडं सगळ्यात अवघड वस्तू. ट्रॅक्टरनं आणायची म्हटली की मागं तहसीलदाराची जीप लागते. अक्का म्हणाल्या, "वजनाशी मतलब. हळदीचं वजन काय कमी असतंय का?" आणि त्यांनी भाऊजींच्या गिरणीतनं दळलेल्या हळदीची पोती मागवली. भाऊजींनी दिली. "तशीच्या तशी परत आली पायजेत," एवढं मात्र बजावलं. चार दिवस पोती कोस्टरमध्ये फिरली. एकालाही चक्कर आली नाही.

पाडव्याच्या सकाळी सगळा मुलूख लोटला. तात्या नवा फेटा बांधून आले. सुभेदार पदकं लावून आले. भाऊजी जागा मोजायचा टेप घेऊन आले; सवयीनं. अक्का सगळ्यांना सांगत होत्या, "हितं पुढं-मागं काय न्हाई. सगळं डबं सारखं." लोकांनी माना डोलावल्या.

मग तात्यांनी विचारलं, "बरं, पयला डबा कुणाचा?"

अक्कांचा चेहरा मी विसरणार नाही. डबे सुटे होते, सारखे होते, पण ते एकापाठी एकच सुटणार होते. पहिला कुठला तरी असणारच. हे एवढ्या दिवसांत अक्कांच्या, सुजितदादाच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"पयला आमचा," सुभेदार म्हणाले. ह्या कोस्टरची त्यांना तेवढी भीती वाटत नव्हती. उलटा होत नव्हता ना. तात्यांनाही वाटत नव्हती. म्हणजे भांडण आता खरं. वरची आळी तात्यांमागं सरकली, खालची सुभेदारांमागं. कोणी हलेना. भाऊजींनी टेप उघडला आणि मी पाहिलं, की त्यांचे डोळे स्टेजची जागा शोधतायत.

अक्कांनी शिट्टी तोंडाला लावली आणि न वाजवताच खाली सोडली. "आदी शेवटची चाचणी," त्या म्हणाल्या. वेळ काढायला, दुसरं काय! "पयला डबा पोत्यांचा. म्हादू, सोड."

मी पोत्यांचे दांडे ओढून बघितले, दोनदा, आणि डबा सोडला. डबा वर गेला. गर्दी माना वर करून बघत उभी, बरोबर पहिल्या वळणाखाली. डब्यानं काटकोनात वळण घेतलं. चार दिवस हेलपाटे खाल्लेल्या पोत्याची शिवण उसवली.

आधी काहीच आवाज झाला नाही. फक्त आभाळ पिवळं झालं. मग ते आभाळ खाली आलं. फेट्यांवर, पदकांवर, बाळांवर, आईस्क्रीमवर. गर्दी जागच्या जागी गोठली. तात्या पिवळे, सुभेदार पिवळे. मिशा कुठल्या आणि फेटा कुठला कळेना. मला वाटलं, आता मार. आता पार्क जाळतात.

तेवढ्यात पुण्याला जिना उतरून आलेली तीच म्हातारी दोन्ही हात वर करून ओरडली, "येळकोट येळकोट जय मल्हार!"

आमच्याकडं हळद उधळली की ती नुसती हळद राहत नाही, भंडारा होतो. सगळ्या पार्कानं एकच गजर केला. माणसं खाली सांडलेली हळद उचलून एकमेकांच्या कपाळाला लावायला लागली. सुभेदारांनी तात्यांना लावली, तात्यांनी सुभेदारांना. भंडाऱ्यात कोण मानकरी आणि कोण बिनमानाचा? पहिला डबा देवानं घेतला, असं कोणीतरी म्हणालं, आणि तो प्रश्नच मिटला.

एकटे भाऊजी डोक्याला हात लावून उभे. "माझी हळद! वहिनी, माझी हळद!"

अक्का स्वतः पिवळ्याजर्द. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कार्यालयच पायजे हुतं न्हवं तुमास्नी? घ्या. हळद तर लागली."

मग लोंढाच आला. सगळ्यांना आत्ताच्या आत्ता बसायचं होतं. पोरं कठडा ओलांडायला लागली. आणि मी बटण बंद करून किल्ली खिशात टाकली. रुळावर हळद, चाकांत हळद, ब्रेकवर हळदीचा थर. मला नुसतं दिसायला लागलं, की डबा थांबायच्या जागी थांबत नाहीये.

"सोड की रं!" चारी बाजूंनी आरडाओरडा. "देवाचं काम हाय, काय हुतंय?"

सुजितदादानं खाली वाकून ब्रेकवर बोट फिरवलं आणि पिवळं बोट आईला दाखवलं. तो काही बोलायच्या आत अक्का खुर्चीवर उभ्या राहिल्या. शिट्टी फुंकली. "आमचा भित्रा न्हाई म्हंतोय. म्हंजे न्हाई! धुतल्याबिगर कोण बसायचं न्हाई. सुम्म कुंद्रु!"

सगळा मुलूख खाली बसला.

मग पाण्याचा टँकर आला. सुजितदादा वर चढून एकेक ब्रेक पुसत होता, खालनं तात्या पाइप धरून, सुभेदार "लेफ्ट! अजून लेफ्ट!" करत. रूळ लख्ख झाला. रिकामे डबे फिरवले, परत पोती फिरवली (ह्या वेळी तोंडं सुतळीनं घट्ट बांधून), आणि सुजितदादानं मान हलवल्यावर मी किल्ली लावली. आणि एक गंमत सांगू? एवढं सगळं रामायण होऊन पहिल्या डब्यात कोण बसलं, ते आज कुणालाही आठवत नाही. सगळेच पिवळे होते.

भाऊजी कितव्यातरी डब्यात बसले. उतरले तेव्हा केस उभे, डोळ्यांत पाणी. अक्कांनी भडंगाची मूठ पुढं केली. त्यांनी ती खाल्ली. मग दुसरी मागितली. टेप त्यांच्या हातात नव्हता; वरच्या वळणावर कुठंतरी उसात पडला, तो ऊसतोडीत सापडला म्हणतात.

दिवाळी आली आणि गेली. लॉनचा विषय निघाला नाही.

पुढं सुजितदादाच्या ओळखीनं ह्या इथल्या पार्कात माणसं हवी असल्याचं कळलं. मुंबईच्या साहेबांनी शिफारस विचारायला अक्कांना फोन केला. अक्कांनी हिंदीत सांगितलं, "बहुत डरपोक है. एकदम नंबर एक का. ले लो." साहेब गोंधळले असणार. पण त्यांनी घेतलं.

मला जायचं नव्हतं. मी अक्कांना म्हणालो, तिकडं मला लय भीती वाटंल. त्या म्हणाल्या, "वाटू दे. तिथले पाळणे लय उंच हायेत. हितली भीती तिथं कमी पडंल, जाऊन वाढीव."

जायच्या दिवशी मुंबईची गाडी हायवेवर थांबणार होती. उन्हं कलायला लागली तशी मी बॅग घेऊन रस्त्याला आलो. अक्का बरोबर आल्या. खुर्ची आणली नव्हती. गाडी यायची वेळ झाली, गाडी आली नाही. अक्का माझी बॅग धरून उभ्या. मी म्हटलं, तुमी जावा. त्या म्हणाल्या, येईल आत्ता. घराकडनं सूनबाईंची हाक आली, एकदा, मग परत. अक्कांनी नुसता हात हलवला.

अक्का दिवस मावळायच्या आत जेवतात. मावळला की अन्नाला शिवत नाहीत. घरात लग्न असो, पाहुणे असोत, हे कधी मोडलेलं मी बघितलं नाही. त्या दिवशी उसामागं सूर्य उतरत गेला. मी त्याच्याकडं बघत होतो, अक्का रस्त्याकडं बघत होत्या. "कागदं घेतलास?" त्या विचारत होत्या. "पाणी घेतलास? उलटी झाली तर लिंबू हाय न्हवं?" सूर्य गेला. अक्कांनी बॅग ह्या हातातनं त्या हातात घेतली. आणखी बऱ्याच वेळानं गाडीचे दिवे दिसले. त्यांनी बॅग माझ्या हातात दिली आणि मला गाडीत ढकललं, एखाद्या पोराला डब्यात बसवावं तसं. वळून बघितलं तर त्या पांढऱ्या बुटांनी रस्ता ओलांडून चालल्या होत्या, उपाशी, भराभर.

त्या रात्री माझ्यापायी अक्कांचं एक जेवण बुडालं. इथं मी रोज स्वतःचं स्वतः रांधतो. आमटी बरी जमायला लागलीय, भाकरी अजून फाटते. एक दिवस सुट्टी काढून येईन, लसूण न घालता सगळा स्वयंपाक स्वतः करीन, आणि सूर्य चांगला हातभर वर असतानाच अक्कांना पाटावर बसवून वाढीन. हे मी फेडणार. भाकरी जमली की येतोच.